मारबत, बाबा आणि एक लाल चौकोन

बिघडलेल्या छायाचित्राबद्दल बोलताना आपल्याकडे बहुधा एकच वाक्य पुरते : 'फोटो हलला.' टिपणाऱ्याचा हात हलला, समोरचा माणूस हलला, की भिंगाची नजरच भलतीकडे लागली, असा भेद हे वाक्य करीत नाही. तसा तो करण्याची गरजही सहसा पडत नाही. हललेला फोटो बाजूला टाकून माणसे पुढे जातात. आमच्या घरात मात्र असा एक 'हललेला' फोटो तेरा वर्षे पडून होता. तो हललेला नव्हता हे आम्हा दोघांनाही पक्के ठाऊक होते, आणि खरे दुखणे तेच होते.

फोटो २०११ सालचा, तान्ह्या पोळ्याच्या सकाळचा. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. कामट्या आणि कागद यांच्या या प्रचंड स्त्रीप्रतिमा. काळी मारबत १८८१ पासून आणि जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगतात. काळीचा संबंध भोसले घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीशी जोडला जातो. सोबत त्या-त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे, पुढाऱ्यांचे बडगे असतात. दोन्ही मारबती नेहरू पुतळ्याच्या चौकात समोरासमोर येतात, तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा उरत नाही. गावातली ईडा-पीडा, रोगराई, सारे अभद्र बरोबर घेऊन जा, असे मारबतीला ओरडून सांगायचे आणि शेवटी तिचे दहन करायचे. संध्याकाळी मग मुले आपापले लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला निघतात.

आमच्यातल्या एकीचे माहेर या मिरवणुकीच्या वाटेवर होते. पहिल्या मजल्याला लाकडी कठड्याची अरुंद गॅलरी होती, आणि मारबत खालून जाताना तिचा चेहरा गॅलरीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येई. बाबा, म्हणजे एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे, आयुष्यभर इतवारीतल्या एका ठोक कापड-दुकानात मुनीम होते. निवृत्त झाल्यावरही मारबतीच्या दिवशी सकाळी सातपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसण्याचा त्यांचा शिरस्ता कधी मोडला नाही. त्या वर्षी आम्ही नुकताच कॅमेरा घेतला होता. भिंग बदलता येणारा, मध्यम किमतीचा, फोकससाठी अकरा बिंदू असलेला. त्यावर पन्नास मिलिमीटरचे, भरपूर प्रकाश आत घेणारे भिंग होते. दिवस ढगाळ होता, गॅलरीत अंधार होता. आमच्यातला एक बाबांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. आमच्यातली एक आत, तीन वर्षांच्या मुलीच्या लाकडी बैलाचे सुटलेले चाक बसवीत होती.

मारबत आली. बाबांनी मागे वळून पाहिले आणि ते हसले. असे ते फार क्वचित हसत. फोटो निघाला.

पुढच्या जानेवारीत बाबा गेले. तेराव्यासाठी मोठा करायला म्हणून तो फोटो शोधला, तेव्हा स्टुडिओवाल्याने पडद्यावर एकदाच पाहून मान हलवली. "सर, फोकस मागे गेला आहे. मूर्ती एकदम कडक आली, पण बाबूजींचा चेहरा नाही येणार." खरेच होते ते. मागची पिवळी मारबत डोळ्यांच्या काजळासकट, कागदाच्या सुरकुत्यांसकट लख्ख होती. बाबांचा हसरा चेहरा मात्र वाफ धरलेल्या काचेपलीकडचा असावा तसा दिसत होता. शेवटी बँकेच्या कामासाठी काढलेला, ताठ मानेचा, न हसलेला फोटो हार घालून ठेवला गेला.

त्या रात्री आमच्यातली एक म्हणाली, "तुझं लक्ष मारबतीकडे होतं. बाबांकडे नव्हतं."

दुसऱ्याने सांगितले, "मी बाबांवरच फोकस केला होता."

एवढेच. हे संभाषण पुन्हा कधी झाले नाही. पण जी भांडणे पुन्हा होत नाहीत ती संपलेली असतातच असे नाही. दर वर्षी पोळा आला की ते वाक्य न उच्चारता घरात येऊन बसे. जावयाने सासऱ्याकडे पाहिले की तमाशाकडे, एवढाच तो प्रश्न होता. त्याला पुरावा नव्हता, म्हणून उत्तरही नव्हते.

*

पुरावा होता. तो फोटोच्याच पोटात होता, हे कळायला २०२४ साल उजाडावे लागले. अकरावीत गेलेली आमची मुलगी सुटीत जुनी छायाचित्रे लावून ठेवीत होती. कॅमेरा नेमक्या कोणत्या जागेवर फोकस करून थांबला हे काही प्रोग्रॅम फोटोवर चौकोन काढून दाखवतात, असे तिने सहज सांगितले. कॅनन, निकॉन यांसारख्या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. अ‍ॅपलच्या अ‍ॅपर्चरमध्येही ती होती, पण २०१५ साली तो प्रोग्रॅमच विक्रीतून गेला. लाइटरूममध्ये वर्षानुवर्षे ही सोय दिलेली नव्हती, तेव्हा लोकांनी स्वतःच त्यासाठी जोड-प्रोग्रॅम लिहिले. तिने हे सारे एका दमात सांगितले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

आमच्या संगणकावरची प्रत तिने प्रथम उघडली. चौकोन आला नाही. ही प्रत आम्ही तेव्हा थोडी उजळ करून, कडा कापून पुन्हा साठवलेली होती. मोबाइलवर नातेवाइकांना पाठवलेली प्रत उघडली, तिच्यात तर फोटो कोणत्या दिवशी काढला तेही उरलेले नव्हते. प्रत्येक नकलेत चित्र टिकले होते, पण चित्राविषयीची माहिती गळून गेली होती. आम्ही वर्गात जुन्या पोथ्यांबद्दल बोलताना हेच सांगतो. नकलकार मजकूर उतरवतो, समासातली टीप सोडून देतो, आणि शंभर वर्षांनी संशोधकाला मजकुरापेक्षा त्या टीपेचीच गरज पडते.

ही टीप असते कुठे, तेही समजून घेण्याजोगे आहे. डिजिटल फोटोच्या फाइलीत चित्राखेरीज एक टाचण असते. त्याला 'एक्झिफ' म्हणतात. जपानी उद्योगसंघटनेने १९९५ साली त्याचा नमुना ठरवून दिला. दिनांक, वेळ, भिंगाचे नाभीय अंतर, छिद्राचा आकार, पडदा किती वेळ उघडा होता, हे सारे त्यात सर्वांना वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले असते. पण त्याच टाचणात एक कप्पा उत्पादकासाठी राखून ठेवलेला आहे, त्याचे नाव 'मेकरनोट'. आत काय लिहायचे आणि कोणत्या लिपीत लिहायचे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. फोकस-बिंदूची नोंद बहुधा या कप्प्यात जाते. म्हणूनच एका कंपनीच्या कॅमेऱ्याचा चौकोन दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये दिसत नाही, आणि म्हणूनच फोटो दुसरीकडे उघडून साठवला की ती नोंद पुष्कळदा हरवते किंवा निकामी होते. काही कंपन्या तर या नोंदींचा काही भाग कुलूपबंदही करतात. २००५ साली निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्यातली रंगसमतोलाची नोंद अशी बंदिस्त निघाली, तेव्हा फोटोशॉपच्या जनकांपैकी एक असलेल्या थॉमस नोल यांनी उघड तक्रार केली होती.

विदर्भात मराठी शिकवणाऱ्याला इथे महानुभाव आठवणारच. रिद्धपूर आमच्यापासून लांब नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा तिथे लिहून काढल्या, आणि पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत बंद केले. मराठीतले आद्य गद्य शतकानुशतके आपल्या घरात होते, पण ते वाचता येत नव्हते. विसाव्या शतकात राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा पंथाबाहेरच्या वाचकांना ते भांडार मोकळे झाले. मेकरनोटच्या बाबतीत असेच काम कॅनडातले फिल हार्वे २००३ पासून करीत आहेत. त्यांचा 'एक्झिफटूल' हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, आणि कंपन्यांनी न सांगितलेल्या नोंदी तो वाचून दाखवतो. कोणी सांगितले नसताना, हजारो फोटो एकमेकांशी ताडून पाहत, कोणत्या आकड्याचा अर्थ काय हे ठरवायचे. हे काम शुद्ध पाठसंशोधनाचे आहे, आणि त्याला तीच चिकाटी लागते.

आता मूळ प्रत हवी होती. ती एका डीव्हीडीवर होती. डीव्हीडी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली होती. तिच्यावर चरा होता, आणि ती वाचू शकेल असे यंत्र आमच्याकडे उरले नव्हते. शेजाऱ्यांकडून आणलेल्या जुन्या संगणकाने घरघर करीत तिसऱ्या खेपेला ती वाचली. मुलीने फाइल उघडली, एक कळ दाबली, आणि पडद्यावर लाल चौकोन उमटला.

तो पिवळ्या मारबतीच्या गालावर होता.

मुलगी म्हणाली, "बघा, फोकस मारबतीवरच आहे." तिला मागचे काहीच ठाऊक नव्हते. आमच्यातला एक उठून पाणी प्यायला गेला.

*

निकाल लागला, असे त्या संध्याकाळी वाटले खरे. पण ज्यांची निम्मी हयात 'लेखकाला काय म्हणायचे आहे' या प्रश्नावर वर्गात वाद घालण्यात गेली, त्यांना एका चौकोनावर थांबणे जमले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीनेच (हे मुद्दाम नोंदवायला हवे) संगणक पुन्हा लावला. डीव्हीडीवर त्या सकाळचे आणखी फोटो होते. हसऱ्या फोटोच्या आधीचाही एक होता. वेळेची नोंद पाहिली, तर दोहोंत तीन सेकंदांचे अंतर. हा आधीचा फोटो आम्ही कधीच बाजूला काढलेला नव्हता, कारण त्यात बाबांचा चेहराच नाही. डाव्या बाजूला त्यांची मागून दिसणारी मान, खांदा आणि कान, उजवीकडे येणारी मारबत. या फोटोत बाबा लख्ख आहेत, मारबत धूसर आहे.

कळ दाबली. चौकोन आला. तोही मारबतीवरच होता, तिच्या गळ्यातल्या माळेवर!

म्हणजे दोन्ही फोटोंत चौकोन चौकटीच्या बरोबर मध्यभागी होता, दोन्हींत त्याच्याखाली मारबत होती, आणि तरी एकात मारबत स्पष्ट व बाबा धूसर, तर दुसऱ्यात बाबा स्पष्ट आणि मारबत धूसर. चौकोनाची साक्ष दोन्हीकडे एकच, घटना मात्र उलट. साक्षीदार खोटे बोलत होता का?

तो खोटे बोलत नव्हता. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारीत होतो. जुन्या हातांची एक रीत आहे. अकरा बिंदूंपैकी मधलाच तेवढा चालू ठेवायचा, कारण तो सर्वांत भरवशाचा. मधला बिंदू आधी माणसावर धरायचा, बटण अर्धे दाबायचे, म्हणजे फोकस तिथे कुलूपबंद होतो. मग बोट तसेच ठेवून कॅमेरा किंचित वळवायचा, माणूस कडेला आणायचा, चौकट मनासारखी झाली की बटण पुरते दाबायचे. या रीतीने काढलेल्या फोटोत फोकस माणसावर असतो, पण नोंदीतला चौकोन मात्र चौकटीच्या मध्यावरच राहतो, कारण कॅमेऱ्याला एवढेच ठाऊक असते की मधल्या बिंदूने काम केले. कॅमेरा नंतर वळला हे त्याने लिहून ठेवलेले नसते. चौकोन सांगतो तो बिंदूचा पत्ता. त्या पत्त्यावर त्या क्षणी कोण राहत होते हे तो सांगत नाही.

पहिला फोटो या रीतीने काढलेला होता, याबद्दल शंका उरली नाही. आमच्यातल्या एकाने बिंदू बाबांवर धरला, कुलूप घातले, मग मारबत चौकटीत घेतली. त्याचे तेरा वर्षांपूर्वीचे वाक्य खरे होते. मग तीन सेकंदांत काय झाले? बाबा वळले, हसले. फोटो घेणाऱ्याचे बोट बटणावरून पुरते उचलले गेले होते. ते तसेच अर्धे दाबलेले राहिले असते, तर कुलूप टिकले असते आणि हसरा चेहराही लख्ख आला असता. पण त्याने घाईने नव्याने बटण दाबले, कॅमेऱ्याने नव्याने फोकस केला, आणि या वेळी मधल्या बिंदूखाली बाबा नव्हते, मारबत होती. एक्झिफटूलने मेकरनोटमधून आणखी एक नोंद वाचून दाखवली, फोकसच्या अंतराची. ही नोंद ढोबळ असते, पण इथे ढोबळही पुरे होती. पहिल्या फोटोत सुमारे सव्वा मीटर, दुसऱ्यात सुमारे आठ मीटर. सव्वा मीटरवर बाबांची खुर्ची होती. आठ मीटरवर रस्ता.

भिंगाचे छिद्र जवळजवळ पूर्ण उघडे होते. अशा वेळी सव्वा मीटरवर स्पष्टतेची जी पट्टी मिळते तिची जाडी चार-पाच सेंटिमीटर असते, कानाच्या पाळीपासून गालाच्या हाडापर्यंत. तेवढ्या जागेत एक माणूस मावतो किंवा निसटतो.

*

फोकस या शब्दाला आपली पाठ्यपुस्तके 'नाभी' म्हणतात. लॅटिनमध्ये मूळ अर्थ चूल. केप्लरने १६०४ मध्ये तो शब्द प्रकाशशास्त्रात आणला, किरण जिथे एकवटतात तिथे ऊब आणि जाळ असतो म्हणून. घरातली माणसे जिच्याभोवती बसतात ती जागा, हा अर्थ आम्हांला नाभीपेक्षा जवळचा वाटतो.

कॅमेऱ्यांच्या इतिहासात पुष्कळ काळ या जागेची निवड केवळ माणसाच्या हाती होती. काळे फडके डोक्यावर घेऊन दुधी काचेवर उलटे चित्र न्याहाळणारा छायाचित्रकार चाक फिरवून फोकस जुळवी, आणि त्याने कशाकडे पाहिले याची नोंद फक्त फोटोच्या स्पष्टतेत उरे. १९७७ साली कोनिकाचा सी३५ एएफ आला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला, आपोआप फोकस करणारा तो पहिला कॅमेरा. १९८५ मध्ये मिनोल्टाच्या ७००० ने ही सोय भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याच्या पोटात बसवली. मग बिंदू वाढत गेले आणि निवडीचा प्रश्न आला. १९९२ साली कॅननने ईओएस ५ मध्ये विलक्षण गोष्ट केली : दर्शिकेतून पाहणाऱ्याचे बुबुळ कुठे वळले आहे हे ओळखून कॅमेरा तिथला बिंदू निवडी. पुढे ही कल्पना मागे पडली आणि २०२१ च्या ईओएस आर३ मध्ये ती पुन्हा आली. आजचे कॅमेरे तर समोरच्या माणसाचा डोळा स्वतःच शोधून काढतात आणि त्याचा पाठलाग करतात. तसा कॅमेरा त्या दिवशी असता, तर बाबा वळताच चौकोन त्यांच्या डोळ्यावर जाऊन बसला असता आणि हा लेख लिहावा लागला नसता.

पण बुबुळ वाचणाऱ्या कॅमेऱ्यानेही आमचा प्रश्न सुटला असता का? नजर कुठे होती हे कळले, तरी लक्ष कुठे होते हे कळते का? विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये असे बजावले होते की लेखकाचा हेतू हा कृतीच्या परीक्षणाला उपलब्धही नसतो आणि इष्टही नसतो. एम.ए.च्या वर्गात हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे शांतपणे समजावून दिले. स्वतःच्या सासऱ्याच्या फोटोपुढे बसल्यावर त्यातला शांतपणा टिकला नाही. परीक्षणाला हेतू नको असेल, संसाराला तो हवा असतो. धूसर फोटो वाईट आहे हे दोघांनाही मान्य होतेच. प्रश्न होता तो, टिपणाऱ्याला कोण हवे होते, हा.

त्या दोन फोटोंनी मिळून याचे उत्तर जवळजवळ दिले. एकटा चौकोन अन्याय करणारा ठरला असता. चौकोन, स्पष्टता, वेळ आणि अंतर अशा चार नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा गोष्ट उलगडली : बाबा हसले म्हणून घाई झाली, घाई झाली म्हणून बोट उचलले गेले, आणि बोट उचलले गेले म्हणून चेहरा धूसर झाला. ज्याला तेरा वर्षे दुर्लक्षाची खूण मानले ती निदान या वाचनात तरी आतुरतेची खूण निघाली.

आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे तू त्यांच्याकडेच बघत होतास."

इथे गोष्ट संपवता आली असती. पण आमच्यातल्या दुसऱ्याला ते पचले नाही. तो म्हणाला, "फाइल तसं म्हणते. पण मला बाबा हसलेले आठवतच नाहीत. फोटोत पाहिलं तेच. मला आठवते ती मारबत. एवढी मोठी, एवढी जवळ, डोळ्यांत डोळे घालून."

असा साक्षीदार, ज्याची निर्दोष सुटका पुराव्याने केली आणि जो स्वतःच तिला हरकत घेतो! महानुभाव परंपरेत एकाच लीळेच्या निरनिराळ्या पाठांना 'वासना' म्हणतात. म्हाइंभटांची मूळ प्रत नष्ट झाल्यावर लीळा पुन्हा आठवून लिहिल्या गेल्या, आणि ज्याला जशी आठवली तशी तिची वासना नोंदली गेली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांची लीळाचरित्राची संपादित प्रत १९७८ साली निघाली, तिच्यावर आमच्या पिढीने अभ्यास केला. एक पाठ स्वीकारला म्हणून दुसरे पाठ फेकून द्यायचे नसतात, हा धडा तिथलाच. आम्ही तेच करायचे ठरवले. फाइलीची एक वासना, आठवणीची एक. दोन्ही राहू द्याव्यात.

*

एक मोह मात्र झाला, तोही सांगून टाकतो. मुलीने सुचवले की आता धूसर चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेने लख्ख करून मिळतो. करून पाहिले. अर्ध्या मिनिटात पडद्यावर एक स्वच्छ, हसरा, म्हातारा चेहरा आला. पापण्यांचे केस मोजता येत होते. दात सरळ होते. बाबांचे नव्हते. तो कोणाचा तरी चेहरा होता, त्या वयाच्या पुष्कळ माणसांचा मिळून झालेला. फाटलेल्या पोथीत स्वतःच्या ओव्या घुसडणारे नकलकार आम्हांला ठाऊक आहेत, आणि त्यांच्या ओव्या बहुतेकदा मूळ ओव्यांपेक्षा गुळगुळीत असतात. आम्ही ती फाइल पुसून टाकली. धूसरपणा हाही बाबांच्या त्या हसण्याचा खरा पाठ आहे.

आणि मग तो आधीचा फोटो. पाठमोरा म्हणून कधी कोणी न पाहिलेला. आता चौकोनाचा नाद सोडून तो नुसता पाहिला. मोठा करून पाहिला. बाबांची मान, शर्टाची झिजलेली कॉलर, कानाची लांबट पाळी. त्या कानावर, पांढऱ्या केसांत अर्धवट बुडालेली, एक पेन्सिल होती. तासून तासून बोटाएवढी उरलेली.

दुकान सोडून त्यांना तेव्हा नऊ वर्षे झाली होती. हिशेब करायला काही उरले नव्हते. तरी सकाळी अंघोळ झाली की ते कानावर पेन्सिल खोचत, हे आमच्यातली एक विसरून गेली होती. वडिलांचा चेहरा शोधण्याच्या भरात त्यांची पेन्सिल विसरली होती, असे ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. पेन्सिलीचे टोक, त्यावरचा उडालेला लाल रंग, सारे त्या चार-पाच सेंटिमीटरांच्या पट्टीत बरोबर सापडले होते.

दोन्ही फोटो छापून घेतले. स्टुडिओ तोच, आता मुलगा बसतो. हसऱ्या फोटोवर त्यानेही मान हलवली. "सर, हा सॉफ्ट आहे," तो म्हणाला. आम्ही म्हटले, असू द्या, तसाच काढा. इतवारीतले घर आता राहिले नाही, गॅलरी गेली. दोन्ही फोटो आमच्या बैठकीत शेजारी-शेजारी आहेत. मूळ फायली, काहीही न छेडता, तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, टाचणासकट.

येणारे-जाणारे हसऱ्या फोटोपुढे थांबतात आणि म्हणतात, "अरेरे, हलला वाटतं." आम्ही हो म्हणतो.